मोतिया की निळा

नवरा जाऊन वर्ष झालं आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्याची खोली शिवणाची करायचं ठरवलं. चाळीस वर्षं घरभर मोतिया रंग होता, कारण यजमानांना मोतिया आवडायचा. बाईंना काय आवडतं हे विचारायचं राहून गेलं होतं. माणूस कामात असला की राहतं.

यजमानांच्या आरामखुर्चीमागे भिंतीला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. रंगाऱ्याने तो घासला, अस्तर मारलं आणि त्यावरच, अर्ध्या-अर्ध्या डागावर, नमुन्याचे दोन चौकोन रंगवले. एक मोतिया, एक गडद निळा.

"दोन दिवस बघा मावशी, मग सांगा."

"बघायचंय काय? निळा."

"साहेबांना मोतिया..."

"मग त्यांनाच विचारून ये."

सकाळी मोतिया चौकोन स्वच्छ होता. निळ्यावर डाग उठला होता. अर्धा नव्हे, अख्खा.

"तेल आतून येतं, मुळापासून," रंगारी म्हणाला. त्याने तेवढा चौकोन विटेपर्यंत खरवडला, गिलावा केला, दोन दिवस सुकू दिला, पुन्हा निळा मारला. दुपारपर्यंत डाग हजर. त्याने हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला. भिंत कोमट होती, डागापुरतीच.

तो ब्रश आवरू लागला. "मोतियाच घ्या मावशी. भिंतीचं ऐकावं माणसानं."

"चाळीस वर्षं ऐकलंच की."

तो मोतियाचा डबा घेऊन गेला. निळा बाईंनी ठेवून घेतला. मोतिया चौकोनासकट सगळी खोली त्यांनी स्वतः निळी रंगवली; डाग तेवढा पुन्हा वर आलाच. मग आरामखुर्ची डागाला भिडवली, त्यावर डोकं टेकलं आणि फ्रॉकांना हात-शिलाई घालत बसल्या.

"बघू, आधी कोण उठतं."

तीन दुपारी मानेमागे ऊब लागत राहिली. बाई हलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी डाग नव्हता.

भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निळी.

संध्याकाळी लेक आली. "छान दिसतेय गं खोली," म्हणाली आणि आईच्या मागे थबकली.

"आई, केसांना मागे रंग लागलाय. मोतिया."

"तो घरात नाहीये."

"चार बोटं उमटलीत. ओला आहे."

लेकीने फडक्याने पुसलं. पुन्हा पुसलं.

"निघत नाही. आतून येतोय, मुळापासून."

बाईंनी सुई गादीला टोचून ठेवली.

"कात्री आण," त्या म्हणाल्या. "कापडाची नको, तिची धार जाईल. कागदाची आण."