सव्वीस मीटरवरचा दोर

एक विचारतो, मनापासून सांगा. विश्वास कुणावर ठेवाल, डोळ्यांवर की हातांवर? आमच्या नाशिक रोडच्या बाजारात एक म्हातारं गिऱ्हाईक यायचं. कापड दाखवलं की डोळे मिटायचं आणि काठ दोन बोटांत धरून बसायचं. त्याला कुणी फसवू शकलं नाही. मीही प्रयत्न करून पाहिला, लपवू कशाला. देवरामची गोष्ट ऐकली तेव्हा मला तीच दोन बोटं आठवली. दिवा जरा जवळ घ्या, सांगतो.

देवराम इगतपुरीकडचा जुना पाणबुड्या. धरणाच्या दरवाजात झाड रुतलं, गाळ बसला, की त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला, केरूला, बोलावणं जायचं. एकाने उतरायचं, दुसऱ्याने वर दोर धरायचा. खाली ना दिसणं, ना बोलणं. सगळी भाषा दोराची. एक हिसका म्हणजे ठीक. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे वर घे. केरूचा तिसरा हिसका नेहमी उशिरा यायचा, कारण मध्येच तो हात बदलायचा. आणि या लोकांची एक रीत होती: दोर लोखंडाला बांधायचा नाही, तो माणसाच्याच हातात पाहिजे.

एकोणीस वर्षांपूर्वी धरणाच्या एका दरवाजापाशी केरू खालीच राहिला. त्याचा पाच वर्षांचा मुलगा सनी देवरामने पोटच्या पोरासारखा वाढवला. देवराम नको नको म्हणत असताना तोही पाणबुड्याच झाला.

गेल्या मे महिन्यात तोच दरवाजा पुन्हा अडकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सनीने उतरायचं ठरलं. पण बंद दरवाजाला कुठे फट राहिली असेल, तर पाणी माणसाला तिथे ओढून घेतं आणि सोडत नाही. म्हणून आधी यंत्र पाठवायचं होतं. पंपवाल्या मुस्तकीमशेठची मुलगी तरन्नुम ते घेऊन आली. पाण्याखालचं ड्रोन, मोठ्या कुकरएवढं, बॅटरीवर चालणारं, पुढे दोन दिवे, काचेमागे कॅमेरा. मागे बोटाएवढी जाड पिवळी केबल.

भर दुपार होती. भिंतीवरचं सिमेंट चटके देत होतं. वारा पडलेला, पाण्याला कुजलेल्या पाल्याचा वास. तरन्नुम केबलचं रीळ लोखंडी कठड्याला अडकवायला गेली.

"लोखंडाला नको," देवराम म्हणाला. "माझ्या हातात दे."

"काका, मशीन आहे ते. त्याला धरायला माणसाचा हात कशाला?" सनी हसला.

देवराम हसला नाही. त्याने केबल दोन्ही हातांत घेतली.

यंत्र उतरलं. तरन्नुमसमोरच्या पडद्यावर पाणी आधी हिरवं, मग चहासारखं, मग काळं झालं. दिव्यांच्या उजेडात गाळाचे कण तरंगत होते. वीस मीटर. सव्वीस. दरवाजाचं गंजलेलं पोलाद दिसलं, त्याच्या पायथ्याशी फांद्यांचा ढीग. तरन्नुमने यंत्र जागेवर थांबवलं आणि बराच वेळ कण बघितले.

"क्लिअर वाटतंय, काका. कण हलत नाहीयेत. कुठे ओढ नाही."

"मग काय, उद्या आठला," सनी म्हणाला. "नऊला वर, दहाला मिसळ. काकाच्या पैशाने."

देवरामने, निव्वळ सवयीने, केबलला एक हिसका दिला.

खालून एक हिसका आला.

त्याने तरन्नुमकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर होते, कंट्रोलर बाजूला. त्याने पुन्हा एक दिला. पुन्हा एक आला, सावकाश, अदबीने.

"पोरी… मोटर चालू हाय का?"

"नाही काका. बंद आहे. का?"

देवरामने मूठ आवळली. तळहातांत काहीतरी सरकलं. एक हिसका. दुसरा. मग… थांबला. हात बदलायला लागतो तेवढा वेळ. आणि तिसरा.

देवरामच्या कपाळावर घाम होता, आणि हात मात्र विहिरीतून काढल्यासारखे गार.

"वर घे," तो पुटपुटला. "खालचा वर घे सांगतोय."

त्याने केबल ओढायला सुरुवात केली. आधी जड, फार जड. मग मध्येच हलकी झाली, जणू खालून कुणी यंत्र उचलून देत होतं, वाढलेलं ताट दारातून पुढे करावं तसं. पाण्याबाहेर आलं तेव्हाच त्याचं वजन परत आलं.

"सनी, उद्या उतरायचं नाय."

"फांदीला अडकली असेल केबल. यंत्र क्लिअर म्हणतंय. तुझे हात म्हातारे झाले, काका."

"झाले. पण यांना केरूदादाचा दोर कळतो."

"त्या दिवशी कळला नाही तो," सनी म्हणाला. बोलून गेला, आणि मान वळवली.

देवराम खाली बसला. तापलेल्या सिमेंटवर, तसाच.

"त्या दिवशी दोर माझ्या हातात नव्हता, पोरा. कठड्याला बांधला व्हता. चहा आलेला, गरम व्हता… दोन्ही हातांनी धरला कप. परत आलो तवा दोर ताठ. कामाच्या नोंदवहीत मी लिवलं, दोर धरणारा देवराम. एकोणीस वर्षं तुला जेवू घातलं, आणि हे नाय सांगितलं. आता माझं तोंड बघू नको, चालंल. पण खाली उतरू नको."

 तरन्नुमने पडदा उगाच पुसला. सनी काकाशेजारी येऊन बसला आणि त्याचे दोन्ही गार हात आपल्या मांडीवर घेऊन चोळू लागला.

"नाही उतरत," तो म्हणाला. 

दुसऱ्या दिवशी अडकलेल्या दरवाजाच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या बाजूला, दुसरा दरवाजा खाली सोडला आणि दोन्हींच्या मधलं पाणी उपसून काढलं. तीन दिवस लागले. फांद्यांच्या ढिगामागे, पोलादाच्या डाव्या कोपऱ्यात, माणसाचा हात खांद्यापर्यंत जाईल एवढी फट निघाली. ओल्या पाल्याने बुजलेली. पहिली फांदी काढली असती की उघडली असती.

त्या संध्याकाळी तरन्नुम नोंदवही भरायला बसली. खोलीचा आकडा बघायला तिने खोकं उघडून यंत्र चालू केलं. यंत्र कोरडं होतं, मांडीएवढ्या उंचीच्या टेबलावर होतं, आणि पडद्यावर खोली येत होती सव्वीस मीटर.

"सेन्सरमध्ये गाळ गेला असेल," ती म्हणाली.

पण आकडा स्थिर नव्हता. सव्वीस. पंचवीस पूर्णांक नऊ. सव्वीस. पंचवीस पूर्णांक नऊ. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तसा.

"काय लिहू, काका? शून्य?"

देवराम पडद्याकडे बघत होता. सनीनेच तिच्या हातातून पेन घेतलं. खोलीच्या रकान्यात त्याने सव्वीस लिहिलं. दोर धरणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं: वर देवराम. मग थोडं थांबून, त्याच ओळीत: खाली केरू.

ती वही आजही तिथे आहे आणि यंत्राचा तो आकडा कुणाला दुरुस्त करता आलेला नाही. तुमच्याकडे कधी अशी एखादी वही आली, तर एवढं करा माझ्यासाठी. हिशेब खरा ठेवा. हातात दोर नसेल, तर नव्हता म्हणून लिहा. आणि दुसऱ्या टोकाला कुणी असेल, तर त्याचं नाव गाळू नका.