जावयाला अडकलेलं अंडं

जावयाला अंडं अडकलं होतं आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं.

बुटांचं खोकं छातीशी धरून ती पायरीवर उभी राहिली. खोक्यात एक पांढरा बजरी पोपट पिसं फुगवून, डोळे मिटून धापा टाकत होता. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातून एकानं मान बाहेर काढली.

"डॉक्टर आज येणार नाहीत. काय झालंय?"

"जावयाला अंडं अडकलंय," ती म्हणाली, आणि मग तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं.

तो हसला नाही. म्हणजे, हसू दाबताना त्याचे कान लाल झाले, पण हसला नाही. "सासरी कळवलंत का?" एवढंच त्यानं विचारलं.

घडलं होतं असं... तिच्या आईनं पांढऱ्या पोपटांची जोडी आणली होती आणि एकीला 'लेक', दुसऱ्याला 'जावई' म्हणून लाडावून ठेवलं होतं. या पक्ष्यांत नर-मादी ओळखतात नाकावरच्या रंगानं, पण पांढऱ्यांच्या बाबतीत भलेभले फसतात. लेकीनं घरट्याच्या पेटीत अंडी घातली, घरात आनंदीआनंद झाला, आणि आज सकाळी जावईबापूच पिंजऱ्याच्या तळाशी कळा देत बसलेले दिसले.

"ऊब हवी," ती म्हणाली. "आणि ओलसर हवा. पोट दाबायचं नाही, आत अंडं फुटलं तर संपलंच."

चष्म्याच्या काड्या वाकवण्याआधी गरम करायचं एक यंत्र त्याच्याकडे होतं. ते सुरू करून त्यानं खोकं जरा लांब, बेताच्या उबेत ठेवलं आणि आत ओला नॅपकिन पसरला. दोघं काउंटरवर कोपरं टेकून बसली.

"सगळ्या गिऱ्हाइकांना असंच बसवून घेता?"

"बाकीच्यांना लांबचं दिसत नाही म्हणून ते येतात. घरातला जावई न दिसलेल्या तुम्ही पहिल्याच."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून तिचं तिलाच चमकल्यासारखं झालं. तेवढ्यात खोक्यात खसखस झाली. नॅपकिनवर अंडं पडलं होतं, आणि जावई त्याच्याकडे ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखा बघत होता.

मग ती रडायला लागली. पक्षी वाचला होता, तरी रडली. अनोळखी माणसासमोर तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. आई अंथरुणाला खिळली होती. आजार हाताबाहेर गेल्याचं डॉक्टरांनी फक्त तिला सांगितलं होतं, आणि ती आईला रोज सांगत होती की साधा अल्सर आहे, बरा होईल. आईचे डोळे पिल्लांकडे लागले होते. आता दोन्ही माद्या निघाल्या म्हणजे सगळी अंडी रिकामीच.

"आईला यातलं काही सांगायचं नाही मला."

"कशातलं? जावयाचं, की..."

"कशातलंच नाही."

तो घरी आला तो आईच्या चष्म्याचा नंबर बघायला. निदान तसं ठरलं होतं. आईनं त्याच्या खिशातली छोटी बॅटरी बघितली आणि त्यालाच कामाला लावलं. अंड्याच्या मागे उजेड धरला की आत जीव असल्यास लाल शिरांचं जाळं दिसतं; रिकामं अंडं नुसतंच पिवळं उजळतं. त्यानं एक अंडं बोटांत धरून बॅटरी लावली.

"दिसतंय का काही?" आईनं विचारलं.

त्यानं आईच्या उशाशी उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं. तिची नजर नुसती विनवत होती.

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"...चांगलं दिसतंय," तो म्हणाला. कान पुन्हा लाल. आई बराच वेळ त्या कानांकडे बघत राहिली.

तो येत राहिला. कधी पक्ष्यांना कॅल्शियमसाठी समुद्रफेस घेऊन, कारण अंडी घालून पक्ष्यांची हाडं झिजतात; कधी नुसताच. ती शिवणाच्या मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करत बसलेली असे. चष्मा सारखा नाकावरून घसरे. एकदा त्यानं तो काढून घेतला, काडी किंचित वाकवली आणि परत तिच्या डोळ्यांवर चढवला. कानामागे त्याची बोटं गरजेपेक्षा थोडी जास्त थांबली.

"घट्ट वाटतंय?"

"नाही... बरोबर आहे," ती म्हणाली, आणि शिवण वाकडी गेली.

एका दुपारी कपडे पोचवून ती परतली तेव्हा जिन्यातच तिला आईचा आवाज ऐकू आला. तो आताशा घोगरा झाला होता, खोल जात चालला होता.

"अंडी रिकामी आहेत ना रे?"

"हो."

"मला केव्हाच कळलंय. माझ्या पोरीला, ठमीला, बरं वाटावं म्हणून गप्प बसले. आणि माझं काय? मी किती दिवसांची?"

मग तो म्हणाला, "ते मी सांगणं बरोबर नाही. पण तुम्ही विचारलंत हे मी त्यांना सांगीन."

तिनं त्याला जिन्यातच गाठलं. "घर माझं, आई माझी. तुम्ही कोण लागून गेलात?"

"कुणी नाही. पण माझे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे असेच हसऱ्या तोंडानं त्यांच्याभोवती फिरत होतो. ते कुणाशी काही न बोलता गेले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कधीच कळणार नाही."

"जा तुम्ही."

"जातो. पण आजच सांगा. त्यांचा आवाज बसत चाललाय."

ती आत गेली. आईच्या पलंगाच्या कडेला बसली आणि सगळं सांगितलं, मध्येच थांबत, शब्द गिळत. आईनं छताकडे बघत ऐकून घेतलं.

"मला भीती वाटते ग," आई म्हणाली.

एवढे महिने ही भीती आईनं एकटीनं उराशी धरली होती, लेकीला कळू नये म्हणून. आणि लेक पलीकडच्या खोलीत मशीनच्या आवाजाआड रडत होती, आईला कळू नये म्हणून. ती आईच्या शेजारी आडवी झाली. दिवेलागणीपर्यंत दोघी बोलत होत्या. वडिलांविषयी, दुखण्याविषयी, नंतर मशीन विकायचं नाही याविषयी. आईनं बजावलं की अंडी काढून घेऊ नकोस, काढली की त्या पुन्हा घालतील. कंटाळून आपणच उठतील.

"त्याला हाकललंस ना?" शेवटी आईनं विचारलं. "धड खोटं बोलता येत नाही त्याला. असला नवरा म्हणजे रोजची कटकट. तरी बघ."

लवकरच आईचा आवाज पुरता गेला, आणि त्यानंतर आईही गेली. आलेल्या माणसांत तो सगळ्यांत मागे उभा होता.

बऱ्याच दिवसांनी, भर दुपारी, ती दुकानाच्या दारात उभी राहिली. तो स्टुलावरून उठला.

"तुम्ही का येत होता आमच्याकडे? खरं सांगा."

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. "माझं प्रेम आहे तुमच्यावर. ही बोलायची वेळ नाही, ते कळतंय मला."

"नाहीच आहे." तिनं काउंटर घट्ट धरलं. "मी सध्या माणसात नाही. शिवलेलं उसवते, कुणावरही ओरडते. त्या दिवशी तुम्ही मध्ये पडलात त्याचा राग अजून गेलेला नाही. आणि तुम्ही मध्ये पडला नसता तर आई घाबरत घाबरत एकटीच गेली असती, हेही माझ्या मनातून जात नाही."

"राग राहू दे."

"मला त्या घरात आज एकटीला जायचं नाहीये," ती म्हणाली.

त्यानं यंत्र बंद केलं आणि बाहेर येऊन दुकानाचं शटर खाली ओढलं.