नंबर एस्किलच्या नावावर

योरीन जळाऊ लाकडांच्या ढिगावर उभी होती, पाऊस बारीक पडत होता, आणि तिकडे उत्रेख्तमध्ये तिची साहेबीण सासकिया सहाव्यांदा म्हणत होती की काही ऐकू येत नाही. मग सासकियाही ऐकू येईनाशी झाली. योरीनने फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि त्याला अस्सल डच शिवी हासडली.

"तो नाही ऐकणार," खालून कुणीतरी म्हणालं. "आधीच्या भाडेकरूनेही याच ढिगावरून पुष्कळ शिव्या दिल्या."

खाली नारंगी टोपीवाला एक उंच माणूस उभा होता, आणि त्याच्या पायाशी करड्या रंगाची, भिजलेली कुत्री. माणसाचं नाव एस्किल, कुत्रीचं तूवा. तो ओढ्यापलीकडच्या लाल घरात राहायचा आणि आरागिरणीत पात्यांना धार लावायचा. त्याने योरीनला उतरायला हात दिला. हात सोडताना दोघांनाही जरा उशीर झाला, पण तेवढं पावसात खपून गेलं.

योरीनची अडचण साधी होती आणि जिवावरची होती. उत्रेख्तमधल्या एका जनावरांच्या दवाखान्याचे फोन घेणं हे तिचं काम. कुणाच्या मांजराने दोरा गिळला, कुणाचा ससा जेवत नाही, हे सगळं ऐकून घ्यायचं आणि वेळ ठरवून द्यायची. हे काम स्वीडनमधल्या हेलविक गावातून करायला सासकियाने मोठ्या नाखुशीने होकार दिला होता, तोही एका अटीवर. येत्या सोमवारपासून फोन तुटता कामा नये. तुटला तर परत यायचं. योरीनला परत जायचं नव्हतं. शहराला आणि तिथल्या एका संपलेल्या लग्नाला ती पुरती कंटाळली होती.

तिचं डच सिमकार्ड इथे ज्या कंपनीला चिकटत होतं ती टेकडीपलीकडेच दम तोडत होती. इंटरनेटची फायबर तार पुढच्या वर्षी येणार होती, असं गाव गेली तीन वर्षं सांगत होतं. राहता राहिल्या तीन कंपन्या - लाल, पिवळी आणि निळी. योरीनने त्यांचा तक्ता केला होता. नकाशे, दर, अटी, सगळं रकान्यांत. तो तिने एस्किलपुढे अभिमानाने धरला.

त्याने तो शेवटपर्यंत वाचला. "छान आहे," तो म्हणाला. "तिन्ही नकाशांत तुझं घर हिरवंगार दिसतंय."

"हो ना."

"आणि तू लाकडांवर चढून बोलतेस."

योरीनला राग आला आणि हसूही आलं. मग काय करायचं, असं तिने विचारलं. तो म्हणाला, कुत्रीला विचारू.

ही थट्टा नव्हती. मूस या सांबरासारख्या भल्यामोठ्या जनावराच्या शिकारीत कुत्रं जंगलात मैलोन्‌मैल पुढे धावतं. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात फोनसारखंच कार्ड असतं, आणि कुत्रं कुठे आहे ते शिकाऱ्याच्या फोनवर ठिपका बनून दिसतं. रेंज गेली की ठिपका गोठतो आणि शिकाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. त्यामुळे हेलविकच्या शिकाऱ्यांना लग्नाची तारीख विचारली तर ते घुटमळतील, पण कुठल्या दगडामागे कुठली कंपनी मान टाकते ते झोपेतही सांगतील. फक्त योरीनच्या घराभोवती कुणी शिकार करत नव्हतं, म्हणून तेवढा तुकडा कोरा राहिला होता.

शनिवारी एस्किल आला तो त्याच्या शिकारीच्या टोळीतल्या दोघांचे पट्टे मागून घेऊनच. तूवाच्या गळ्यात तीन पट्टे, तीन कंपन्यांचे. लग्नघरातल्या वरमाईसारखी ती मान ताठ करून उभी राहिली. त्याने शीळ घातली आणि ती झाडीत दिसेनाशी झाली.

दोघं पायरीवर बसली, मध्ये कॉफीचा थर्मास आणि दालचिनीचे पाव. एस्किलच्या फोनवर तीन ठिपके पळत होते. ते बघायला योरीनला जरा वाकावं लागत होतं. त्याच्या लोकरी स्वेटरला धुराचा आणि पाइनच्या भुश्शाचा वास होता, आणि वाकायला तिची काही हरकत नव्हती.

"लाल गेला," तो म्हणाला. ओढा आला होता.

"बिचारा," योरीन म्हणाली. "सगळ्यांत स्वस्त होता."

कोठारामागे पिवळा गोठला. निळा मात्र पळतच राहिला. घराला दोन फेऱ्या मारून, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थांबून, तो थेट पायरीपर्यंत आला, आणि पाठोपाठ चिखलाने माखलेली तूवा येऊन दोघांच्या मध्ये घुसली. पाव तिनेच संपवले.

निळी कंपनी ठरली. पण निळी कंपनी स्वीडिश ओळख क्रमांकाशिवाय कुणाला दारात उभं करत नव्हती, आणि तो क्रमांक यायला कर कार्यालय आठ आठवडे मागत होतं. योरीनकडे दोन दिवस होते.  आपण इथून जाणार, हे तिला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

"माझ्या नावावर घे," एस्किल कुत्रीचे पट्टे सोडवत म्हणाला. "बिल तुझ्या खात्यातून जाईल. माझी फक्त सही."

"तू मला आठवडाभरही ओळखत नाहीस."

"तुझा तक्ता पाहिलाय," तो म्हणाला.

सोमवारी एकही फोन तुटला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. एस्किल मधूनमधून दारात येऊन विचारायचा, फोन चालतो ना? फोन उत्तम चालत होता. तरी तो येत राहिला. कधी रानातल्या अळंब्या आणायचा, कधी तिची कुऱ्हाड नेऊन धार लावून आणायचा. योरीनही त्याला पोचल्याचा फोन करायला सांगू लागली, जरी त्याचं घर चार मिनिटांवर होतं. पुढे मात्र कुणी बोलेना. तो मुळात कमी बोलणारा, आणि तिला परक्या देशात स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं.

मग गावाने गोंधळ घातला. स्वीडनमध्ये कुठला नंबर कुणाच्या नावावर आहे हे उघड असतं, आणि फोन वाजला की ते नावच समोर दिसतं. योरीनने धुराडं साफ करणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, बोल एस्किल. लाकडंवाल्याने तिचा सगळा माल एस्किलच्या अंगणात ओतला. शिकारीनंतरच्या गावजेवणात त्यांच्यासाठी एकच चिठ्ठी होती, 'एस्किल व योरीन', आणि खुर्च्या शेजारी शेजारी. सभागृह सांभाळणाऱ्या गुनवोर आजींनी वाढताना तिचा गाल थोपटला. "उशिरा का होईना, त्याला कुणीतरी मिळालं गं," त्या म्हणाल्या. योरीनचे कान तापले. शेजारी एस्किल निमूटपणे बटाटे खात होता.

तिने मनाशी ठरवून टाकलं की तो लाजेने गप्प आहे, आणि आपल्यामुळे त्या बापड्याची गावात कुचंबणा होते आहे.

डिसेंबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. ओळख क्रमांक आला. आणि सासकियाचा फोन आला की जानेवारीपासून उत्रेख्तला मुख्य जागा रिकामी होते आहे, हवी असेल तर शुक्रवारपर्यंत सांग. योरीन दोन दिवस विचार करत राहिली. शुक्रवारी दुपारी ती कंपनीचा अर्ज घेऊन बर्फातून आरागिरणीतल्या एस्किलच्या शेडवर गेली.

तो पात्याला धार लावत होता. त्याने यंत्र बंद केलं, अर्जावरचं कंपनीचं नाव पाहिलं आणि पेन उचललं. "समजलं," तो म्हणाला. "कुठे सही करू?"

"काय समजलं?"

"सासकियाने जागा देऊ केली हे तूच सांगितलंस. नंबर बंद करायचा ना?"

"नीट वाच," ती म्हणाली.

त्याने वाचलं. खूण 'बंद करणे' या चौकोनात नव्हती, खालच्या चौकोनात होती. नंबर अर्जदाराच्या नावावर करणे. त्याने ते पुन्हा एकदा वाचलं.

"एस्किल, गाव काय समजतंय ते तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून."

"मग खरं काय ते का नाही सांगितलंस?"

त्याने जरा विचार केला. "कुणी विचारलंच नाही. त्यांनी अभिनंदन केलं. मी... धन्यवाद म्हणालो."

"किती जणांना?"

"सगळ्यांना," एस्किल म्हणाला, आणि त्याचा चेहरा टोपीहूनही भडक झाला. "मला बरं वाटायचं. एकदा म्हणालो, दोनदा म्हणालो, मग सवय लागली. तुला सांगायला पाहिजे होतं. पण तू गेलीस तर... निदान तेवढे दिवस तरी."

योरीनला भरून आलं. दोन महिने ती ज्याची कुचंबणा समजत होती, तो माणूस गावभर आनंदाने धन्यवाद वाटत फिरत होता.

"मी जात नाहीये," ती म्हणाली. "सासकियाला सकाळीच कळवलं."

"मग नंबर का बदलतेस? आहे तो चालतोय की."

"कारण मी तुला फोन करते तेव्हा तुझ्या फोनवर तुझंच नाव येतं. मला तू आवडतोस, एस्किल. फार आवडतोस. हे मला माझ्या नावाने सांगायचंय."

एस्किलने सही केली. तेलकट अंगठ्याचा ठसाही अर्जावर उमटला. मग त्याने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि त्याच्या नेहमीच्या संथ आवाजात म्हणाला, "नाव बदलायला चार दिवस लागतात. तोवर थांबायचं का?"

"नको," योरीन म्हणाली, आणि टाचा उंचावून तिने त्याचा मुका घेतला.