काळ्या पट्टीखालचं नाव

"मोचो निघाला की मागोमाग जायचं. पळायचं नाही," इग्नासिया म्हणाली.

"आणि तो नुसता उकिरड्यावर गेला तर?" बाल्तासारने विचारलं.

"मग उकिरडा बघू. तुझ्याकडे याहून बरी युक्ती असेल तर काढ," रायेन खेकसली.

सप्टेंबरची सुट्टी होती. वालपराइसो शहराच्या टेकड्यांवर पतंगच पतंग! पण या तिघांनी आज पतंगाला हात लावला नव्हता. काल दोन पोलिसांनी पायऱ्यांवरच्या एका म्हातारीची खाण्याची गाडी उलथवली. इग्नासियाच्या दादाने, दामियानने, ते फोनवर टिपलं आणि त्यांनी त्यालाच उचलून नेलं. दोन्ही पोलिसांच्या छातीवरच्या नावावर काळी चिकटपट्टी होती.

आईने चौक्या पालथ्या घातल्या. सगळीकडे एकच उत्तर, "नेलं कोणी? नाव सांगा."

"ड्यूटीवर नाव दिसलंच पाहिजे, कायदाच आहे तसा," शेजारच्या फ्रेसियामावशी सांगून थकल्या. दादाचा पत्ता नव्हता.

मग रायेनला मोचो आठवला. तो कुणा एकाचा कुत्रा नव्हता, अख्ख्या टेकडीचा होता. त्याच्या अंगातला स्वेटरही मावशींनीच विणलेला. वर्दी दिसली की तो भुंकून गल्ली डोक्यावर घ्यायचा. काल मात्र त्या दोघांतल्या जाड्या पोलिसापुढे शेपूट हलवत होता! म्हणजे तो जाड्याच मोचोला खाऊ घालत असणार. आणि मोचो रोज दुपारी कुठूनतरी जेवून यायचा.

मोचो पायऱ्या उतरला, मासळीबाजार ओलांडून एका चौकीच्या मागच्या दाराशी बसला. दार उघडलं. तोच जाड्या, हातात पाव. मागच्या दारी कोण बघतंय म्हणून पट्टी काढून टाकलेली. छातीवर नाव होतं: ओयार्सून.

"काय गं, काय बघतेस?"

इग्नासियाला पळून जावंसं वाटलं. पण रडून सुजलेले आईचे डोळे आठवले आणि ती सगळा जीव गोळा करून ओरडली, "ओयार्सून! या ओयार्सूनने माझ्या दादाला नेलंय!"

बाजारातल्या कोळणी हातातल्या सुऱ्यांसकट वळल्या. "कोण ओयार्सून?"

त्याने चटकन छातीवर हात ठेवला. तेवढ्यात वरच्या गजांच्या खिडकीतून शीळ आली. पतंग कापल्यावर दादा मारायचा, तीच!

गलका ऐकून चौकीच्या मुख्य बाई बाहेर आल्या. "हात खाली घ्या," त्या ओयार्सूनला म्हणाल्या, "आणि त्या मुलाला खाली आणा."

दामियानचा ओठ फुटला होता. बाल्तासार बोलवायला धावला होता, त्याच्यामागून आई आणि मावशी धापा टाकत पोचल्या. आईने दादाला घट्ट धरलं.

"आम्ही नुसता कायदा सांगत फिरलो. माणूस शोधलात तो तुम्ही, पोरांनो," मावशींनी तिघांना जवळ घेतलं. मोचो मात्र पाव संपवूनच आला.

"घाबरली होतीस?" पायऱ्या चढताना दादाने विचारलं.

"अजून घाबरलेय. त्याने माझं तोंड पाहिलंय," इग्नासिया म्हणाली. "पण त्याचं नाव आता अख्ख्या बाजाराला माहीत आहे."