सातवी नळी

सोमेश्वरचा हात हलका आणि जीभ गोड. रक्त काढताना म्हाताऱ्यांना कळतसुद्धा नसे. काम टाळण्यात मात्र तो पक्का पटाईत. बीपी असलेल्या म्हाताऱ्यांची ताकद का ओसरते, त्याचा माग रक्तात आधीच लागतो का, हे तपासायला जालन्याहून सोमेश्वरच्या पथकाची गाडी वाटूरला यायची. रक्ताची एक नळी भरायची, मुठीची ताकद मोजणारं यंत्र दाबायला लावायचं, चार मीटर चालवायचं. प्रत्येक घरी आधी सोमेश्वर स्वतः यंत्र दाबून दाखवी. काटा सहज अडतीस किलोवर जाई.

पहिल्या फेरीला यादीतले सहा जण आष्टीच्या बाजाराला गेले होते आणि गाडी बाराला परतणार होती. सोमेश्वर पुंजारामबाबांकडे शिरला. बायको बेबीनंदा कापूस वेचायला गेलेली, घरात बाबा एकटे. माणूस गरीब, कुणाला नाही म्हणणं ठाऊक नाही. बाबांनी यंत्र दाबलं, काटा चौदावर. मग "बाबा, अजून एक," असं सहा वेळा म्हणत त्यानं एकाच हातातून सात नळ्या भरल्या. सहांवर त्या सहा जणांची नावं चिकटवली.

सातही रिपोर्ट सारखेच आले, आणि वाईट. बिंग फुटू नये म्हणून त्यानं 'नमुने खराब' असा शेरा मारून सगळे रद्द करवले. तुमची किडनी, तुमचं हृदय थकलंय, हे बाबांना कुणी सांगितलंच नाही. पुढं त्यांच्या मुठीत तांब्या राहीना. फेब्रुवारीत गेले. ह्याला चूक म्हणत नाहीत, हरामखोरी म्हणतात.

दुसऱ्या फेरीला सोमेश्वर शहाण्यासारखा त्या सहाही जणांच्या घरी स्वतः गेला. रामरावांकडे त्यानं यंत्र दाबून दाखवलं, काटा अडतीस. त्यांना सुई टोचली आणि कळ सोमेश्वरच्या कोपरात उठली. उषाबाईंकडे त्यानं दाबलं, तर काटा चौतीस.

"यंत्र बिघडलं वाटतं."

"माझ्या हातात तर बराबर चालून राह्यलं," उषाबाई म्हणाल्या.

चौथ्या घरी त्यानं बाही वर केली. कोपराच्या खळगीत सुईचे तीन ताजे ठिपके होते.

सहाव्या घरातून तो भिंत धरून निघाला. गाडी समोरच, चार मीटरवर. पाय उचलेना. तो जवळच्या ओट्यावर मटकन बसला. ओटा पुंजारामबाबांचा होता.

बेबीनंदा तांब्या घेऊन बाहेर आली.

"पाय उचलून न्हाई राह्यले का? त्यांचंबी असंच झाल्तं."

तांब्या त्याच्या मुठीतून निसटला.

"मावशी, माफ करा मला..."

"अजून एक," ती शांतपणे म्हणाली.

त्या दिवशी ती शेतात होती. घरात तिसरं कुणीही नव्हतं.

सोमेश्वरनं नळ्यांच्या डब्यात पाहिलं. सकाळी त्यानं सहाच नळ्या ठेवल्या होत्या. शेजारी सातवी होती, रिकामी. तिच्यावर त्याच्याच अक्षरात पुंजारामबाबांचं नाव होतं.

ती तळापासून हळूहळू भरू लागली.