न दाबलेल्या कळा

काम तसं किरकोळ होतं, म्हणून दुपारचं जेवण उरकून निवांत गेले. हॉस्पिटलच्या तळघरात ऑक्सिजनचा दाब ठरवणारा एक जुना संगणक आहे. त्याचा प्रोग्रॅम असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत, माझ्या आत्याने लिहिलेला. आत्या गेली आणि तो माझ्याकडे आला. पडद्यावर एक सूचना वाढवायची होती, एवढंच.

असेंब्लीत आयतं काही मिळत नाही. कळ दाबली म्हणून अक्षर उमटत नाही. ते वाचायचंही आपणच आणि दाखवायचंही आपणच. आत्याचं काम बघून मी पुन्हा थक्क झाले. आकड्याखेरीज दुसरी कुठलीही कळ ती पडद्यावर फिरकू देत नसे. बाईचा धाक यंत्रालाही होता!

मी सूचना घातली आणि वरच्या सिस्टरांनी सांगितलेला नवा दाब टाइप केला. आकडा बरोबर उमटला. आता एन्टर दाबला की वरच्या मजल्यावरच्या बाळांना त्याच दाबाने ऑक्सिजन जाणार.

तेवढ्यात कर्सर आपोआप सरकला. पडद्यावर अक्षरं उमटू लागली... एकेक, अडखळत, आत्या टाइप करायची तशी. एक चुकलं, पुसलं गेलं, दुसरं आलं. ‘पुन्हा बघ.’

“काका, तुम्ही काही दाबलंत?”

ऑपरेटर काका दारातच उभे होते. “नाही हो ताई... मी तर हातही लावला नाही...”

मी एन्टरवरचं बोट उचललं. प्रोग्रॅम पुन्हा बघितला. वाचलेला आकडा ज्या कप्प्यात असतो, तोच कप्पा पडद्यावर छापताना वापरला जातो आणि आकडा बिघडतो. म्हणून आत्या आकडा आधी बाजूला ठेवायची, मग छापायची. मी घाईत आधी छापलं, मग ठेवलं. पडद्यावर आकडा बरोबर, आत भलताच! चूक सुधारून एन्टर दाबला. वरून सिस्टरांचा फोन आला, बाळं ठीक होती. मला रडूच फुटलं. गेल्यावरही माझं काम तपासते, काय बाई आहे ही!

निघताना तपासणीपुरता प्रोग्रॅम थांबवला, ऑक्सिजन तेवढा वेळ ठरल्या दाबानेच जात राहतो, आणि कीबोर्डची वायर काढली. दाबलेल्या पण न वाचलेल्या कळा मेमरीत रांगेने थांबून राहतात, आणि प्रोग्रॅम सुरू होताच त्याच आधी वाचल्या जातात. ती रांग रिकामी आहे ना, हे बघायला सहज डोकावले.

रांगेत आकडे येत होते.

“ताई... वायर तर तुमच्या हातात आहे,” काका पुटपुटले.

आकडे येतच होते, भराभर. इतक्या भराभर आत्याने जन्मात कधी टाइप केलं नव्हतं. मग आकडे थांबले, आणि शेवटी एन्टर आला.