आवडतं माणूस काढून आणा

कला माणसाला अमर करते. हे वाक्य मुख्याध्यापकांचं. दरवर्षी चित्रप्रदर्शनाची फीत कापताना ते एवढं बोलत, आणि पुढच्याच आठवड्यात चित्रकलेचा आणखी एक तास कापून गणिताला देत. कात्री बहुधा तीच असावी.

चौथीला आता आठवड्यातून एकच तास उरला होता. चित्रकलेच्या सरांची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार करायची तर त्यालाही एक तास लागला असता. ते वर्गात शिरत, फळ्यावर विषय लिहीत आणि वर्षानुवर्षं चाललेला विनोद करत, "दात काढू नका, हत्ती काढा." मुलं दात काढायची. मग हत्ती काढायची.

पहिल्या बाकावर त्यांचीच मुलगी बसे. शाळेत ते 'सर, तुम्ही' आणि घरी 'बाबा, तू'. ती मात्र दोन्हीकडे बबडीच. चित्रात तिचा हात म्हणजे आनंद होता. तिची गाय आणि तिचं टेबल यांत फरक फक्त शेपटीचा. बायकोच्या मते हा गुण सरांकडून आला होता.

एकदा सरांनी शिक्षकांच्या खोलीतला स्टीलचा जग आणला, शेजारी दोन लिंबं ठेवली आणि म्हणाले, "काढा." तास संपला तेव्हा बबडीच्या कागदावर फक्त जगाचा कान होता. पण काय कान! त्याचे दोन रिबिट, खालचा पोचा, आत वाकून पडलेला खिडकीचा उजेड. सरांना स्वतःला असा जमला नसता.

"एवढंच?"

"घंटा झाली ना, सर."

"ते काही नाही. माझ्या वर्गात अर्धं चित्र चालत नाही. काढायचं तर पूर्ण काढायचं."

बबडीनं मान डोलावली. कौतुक करायचं राहूनच गेलं. सर जग उचलायला वळले आणि त्यांची मूठ हवेवर मिटली. जगाला कान नव्हता. तुटल्याची खूण नाही, रिबिटांची भोकं नाहीत. पोट सगळीकडून गुळगुळीत.

"कान?" जग न्यायला आलेला शिपाई म्हणाला. "या जगाला कान कधी होता, सर? म्हणून तर मी फडक्यानं धरतो." आणि त्यानं तो फडक्यानं धरून नेला, वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखा.

सरांनी बबडीच्या कागदावरचा कान खोडरबरानं खोडून पाहिला. कागद कोरा झाला. जग होता तसाच राहिला. सर शिकलेले होते. जग बदलला असणार, असं त्यांनी ठरवलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्ग बाहेर नेला. "फाटकाजवळचं झाड काढा." या खेपेला बबडीनं काही बाकी ठेवलं नाही. ढोली, सोललेली साल, पहारेकरी डब्याची पिशवी अडकवायचा तो खिळासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळ झाड नव्हतं. बुंधा नाही, खड्डा नाही. फरश्या सरळ भिंतीपर्यंत गेलेल्या, सांध्यांत जुनी माती. पहारेकरी स्टुलावर भर उन्हात बसून मान पुसत होता. पिशवी मांडीवर.

"झाड कुठं गेलं?"

"कुठलं झाड?" त्यानं सरांकडे निरखून पाहिलं. मग मायेनं म्हणाला, "ऊन फार आहे सर. आत जा."

उन्हाबद्दल त्याचं म्हणणं खरं होतं.

रात्री जेवताना सरांनी विचारलं, "बबडे, त्या झाडाचं तू काय केलंस?"

"काढलं."

"अगं, काढलं म्हणजे..."

"तूच म्हणालास ना, झाड काढा? पूर्ण काढलं."

"अहो, पोरीला जेवू द्या," बायको म्हणाली. "त्या फाटकाजवळ गवताची काडी उगवत नाही, म्हणे झाड! डोळे तपासून घ्या आधी."

सरांनी तपासून घेतले. नंबर पावानं वाढला होता. त्यांना हायसं वाटलं. पाव नंबरात एक झाड सहज मावत असेल.

नवा चष्मा लावून त्यांनी चौथीला प्रदर्शनाचा विषय वाचून दाखवला. विषय मुख्याध्यापकांनी धाडला होता. "घरातलं तुमचं आवडतं माणूस काढून आणा."

वाचून झाल्यावर त्यांची नजर पहिल्या बाकाकडे गेलीच. घरात या प्रश्नावर जुनी चुरस होती. गोष्टी सांगण्यात सर पुढे, ताप आला की बायको. बबडीला विचारलं तर ती 'दोघंही' म्हणून हात झटकायची. आता निकाल कागदावर येणार होता. सरांनी नकळत केसांवरून हात फिरवला.

शाळा सुटल्यावर शिक्षकांची सभा होती. बबडी बसनं पुढे गेली. सभा आटोपून सर रस्त्याला लागले आणि चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी तो नीट बसवला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा खाली पडून काच तडकली. चष्मेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यांनी काडी कानामागे अडकवायला बोट नेलं.

कानामागे काही नव्हतं. कानच नव्हता. कानशिलापासून मानेपर्यंत कातडी सपाट होती. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

चेहरा कानापासून सुरू करा, कान जमला की माणूस जमतं. हे ते दरवर्षी शिकवत.

सर धावले. ऐकू येत होतं, पण पाण्याखालून यावं तसं.

दार उघडंच होतं. बबडी फरशीवर पालथी पडून, जिभेचं टोक बाहेर काढून काढत होती. दोन कान. कपाळ. आठवडाभर लोंबकळणारं सदऱ्याचं बटण. उजवा हात, बोटांवरच्या रंगासकट.

सरांनी कागद ओढायला उजवा हात पुढे केला. नुसती बाही पुढे आली.

डाव्या हातानं त्यांनी कागदाची कड धरली. बबडीनं दुसरी कड घट्ट धरली. कागद फाटला तर नेमकं काय फाटेल, हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कड सोडली.

"बबडे, थांब. पुरे. एवढंच छान दिसतंय."

"अर्धं चालत नाही," ती दुखावून म्हणाली. "हलू नकोस ना, बाबा."

"मीच का गं?"

"आवडतोस म्हणून."

इतक्या वर्षांची चुरस सर जिंकले होते. अशा वेळीही त्यांना बरं वाटलं, त्याला इलाज नव्हता.

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "बबडे, कुणाशी बोलतेयस?"

"बाबाशी."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"कुणाशी?"

बबडीनं एक डोळा मिटला, पेन्सिल आडवी धरून सरांचं माप घेतलं. जगाचं घेतलं होतं तसंच.

सरांना खूप काही सांगायचं होतं.

तिनं ओठ आधी काढले.

सोमवारी चौथीची चित्रं गणिताच्या बाईंनी गोळा केली. शाळेला चित्रकलेचा शिक्षक कधी नव्हताच. तो तास त्याच भागवत. बबडीचा कागद त्यांनी उजेडात धरला.

"कोण गं हे?"

बबडीनं बराच वेळ पाहिलं.

"माहीत नाही, बाई. आवडतं माणूस."

बाईंनी दहापैकी सहा गुण दिले. खाली शेरा लिहिला, 'रेषा पट्टीने माराव्यात.'